काठावरची शिट्टी

पणजा नावाडी, आजा नावाडी, बापही नावाडी. त्यांच्याच वंशात जन्मलेला हा मात्र पोहण्याच्या तलावावरचा शिक्षक, आणि उन्हाळी शिबिराच्या ऐन तासाला आभाळ फाटले तेव्हा पाण्यातून सर्वांत आधी बाहेर पडला तो हाच.

काठावरच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या आईने, म्हणजे थोरल्या बाईंनी, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मुले अजून पाण्यातच होती. पावसाचा मारा असा, की पलीकडचा काठ दिसेना. मैदानातला चिखल, सडका पाला आणि कोणाची तरी तुटकी चप्पल, सारे वाहत तलावात उतरत होते. निळ्या पाण्याचे बघता बघता गटार झाले. शिक्षक कपडे बदलण्याच्या खोलीच्या छपराखाली, खांद्यावर कोरडा टॉवेल टाकून, शिट्टी फुंकत उभा होता.

मुले एकमेकांना ओढीत वर आली आणि कुडकुडत छपराखाली शिरली. शिक्षकाने अंग चोरले. ओल्या मुलांचा स्पर्श त्याला नको होता.

"मोजलीस?" बाईंनी विचारले.

"आली असतील सगळी. आई, तू आत ये बघू, भिजतेयस."

"मोजलीस का, एवढंच विचारते."

"अगं, वीज पडते पाण्यात. शिकवणाऱ्याने आधी स्वतःला सांभाळायचं, नियमच आहे तसा. आणि मी मघापासून शिट्टी मारतोय ना?"

"शिट्टी गुराखी मारतो. तोसुद्धा गुरांच्या मागून चालतो."

बाईंच्या सासरी शिस्त एकच होती. नाव काठाला लागली की नावाड्याने उतरणारे एकेक डोके मोजायचे, आणि जमिनीला पाय लावायचा तो सर्वांच्या शेवटी. भर पुरातही ती कोणी मोडली नव्हती. बाईंनी छपराखालची डोकी मोजली. पाण्यात उतरताना मोजली होती, त्यांत एक कमी भरले.

त्यांनी मुलाकडे पाहिले. तो टॉवेलाच्या टोकाने कान कोरडे करीत होता. घासात केस यावा तशी शिसारी बाईंच्या तोंडावर उमटली. त्यांनी चष्मा खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि पावसात चालू लागल्या.

पलीकडच्या लोखंडी शिडीला शेजारच्या शिंपीणबाईंची नात डोळे गच्च मिटून चिकटली होती. चिखलाचा लोंढा नेमका तिच्या डोक्यावर कोसळत होता. हाका मारूनही ती हलेना, तेव्हा बाई अंगावरच्या पातळानिशी त्या घाणीत उतरल्या. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात पोर, आणि नाकातोंडात माती.

"धर माझा गळा. घट्ट. सोडलास तर मार खाशील."

मुलीने गळा धरला.

बाई वर आल्या तेव्हा शिंपीण उलटलेली छत्री सांभाळीत फाटकातून धावत येत होती. बाईंनी पोर तिच्या कवेत दिले. या शिंपिणीनेच एका पावसाळ्यात बाईंच्या याच मुलाला, तो लहान असताना, नदीच्या पुरातून केसाला धरून ओढून काढले होते, आणि त्यानंतर जन्मात कधी त्याचा उच्चार केला नव्हता.

"घे," बाई म्हणाल्या. "माझं पोर तू पदरात घातलं होतंस. हे तुझं. आज फिटलं सगळं."

"त्याचं काय एवढं," शिंपीण नातीचे तोंड पुसत म्हणाली. मग एकदम दचकून तिने तलावाकडे पाहिले. "अगं, पण तुझा मुलगा कुठाय? बरा आहे ना?"

बाईंनी तोंडातला चिखल थुंकून टाकला.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या.