गोधडीखालची मोटार

भिकुबाईनं वायर ओढली, मोटारीवर घडी घातलेली गोधडी टाकली आणि स्वतःच वर ठाण मांडून बसली. मोटार अजून गरम होती, पण करता काय? नळयोजनेच्या पाणीवाल्या बाईची स्कूटी गल्लीतली बाकीची घरं सोडून थेट तिच्याच ओट्यापाशी थांबली होती. कुणीतरी चुगली केली, दुसरं काय!

नळाला मोटार लावायची बंदी आहे हे भिकुबाईला पक्कं ठाऊक होतं. पण नळाची धार करंगळीएवढी आणि रविवारी शिंदखेड्याला दिपमाला नावाची मुलगी बघायला जायचं होतं. तिच्या पोराचं, ज्ञानेश्वरचं, ठिबकच्या नळ्यांचं दुकान बरं चालायचं. तरी आधीच्या दोन स्थळांनी ‘तुमच्याकडे पाण्याचं काय?’ एवढंच विचारून तोंड फिरवलं होतं. या खेपेला भिकुबाईनं ठणकावून सांगितलं होतं, आमची टाकी काठोकाठ भरलेली असते. आता मोटार जप्त झाली आणि गावभर बोभाटा झाला, तर हेही स्थळ हातचं जायचं. पोरगं बिनलग्नाचं राहील या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

बाईनं तोंडाला स्कार्फ गच्च गुंडाळला होता. वैशाखात स्कूटीवरच्या सगळ्याच मुली तशा दिसतात. तिनं एक लांब लोखंडी कांडी काढली, एक टोक नळावर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. जमिनीखाली पाइप फुटला असेल तर सूंसूं आवाज येतो, गावाचं निम्मं पाणी असंच वाटेत मुरतं, असं तिनं समजावलं. मग म्हणाली, “अक्का, जरा उठता का? तुमच्या मागच्या नळीला कांडी लावायची आहे.”

“मना गुडघा दुखस, माय. उठाता येत नही.”

बाईनं आग्रह केला नाही. ऊन फार आहे म्हणून प्यायला पाणी मागितलं. आली का पंचाईत! भिकुबाईनं ज्ञानेश्वरला हाक मारली. त्यानं पाणी आणलं, आणि न सांगता चहाही टाकला. बाईनं विचारलं, हे रोज चहा करतात का? परक्या बाईसमोर पोरगा चुलीपाशी, भिकुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधीच नाही, आजच काय तो, असं तिनं ठोकून दिलं. तिकडे ज्ञानेश्वरनं साखरेचा डबा न शोधता बरोबर काढला होता.

बाईनं गल्लीकडे तोंड करून, स्कार्फ खाली ओढून चहा घेतला. ज्ञानेश्वर कप घेऊन परतला तो उगीचच हसत होता. दात काय काढतोस, म्हणून भिकुबाई त्याच्यावर खेकसली.

बुड भाजत होतं, तेव्हा मन रमवायला भिकुबाई बोलत सुटली. रविवारचं सांगितलं, मुलगी शिकलेली आहे हे सांगितलं, कुठल्याशा कचेरीत आहे ती नोकरी लग्नानंतर तिला सोडायला लावणार हेही सांगून टाकलं.

“तिला विचारलंत?” कांडी पुसत बाई म्हणाली.

“तिले काय इचारानं?”

बाई हसली आणि गल्लीत कांडी टेकवत पुढे गेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे थांबून तिनं खडूनं फुली मारली. नळयोजनेच्या माणसांनी तिथं खणलं, तर फुटक्या पाइपातून पाणी भसाभसा जमिनीत जात होतं. पाइप जोडला. पुढच्या खेपेला नळाला पाणी आलं ते मोटारीशिवाय थेट टाकीत चढलं. भिकुबाई तोंडाचा आ वासून बघत राहिली. मोटार मात्र तिनं काढली नाही. असू दे, अडीअडचणीला.

रविवारी शिंदखेड्याला दिपमाला पोह्यांच्या बशा घेऊन आली. मोबाइलवरच्या फोटोपेक्षा गोड होती. खाली मान घालून तिनं सगळ्यांना नमस्कार केला. भिकुबाईचा जीव अगदी हरखला. आणि का कोण जाणे, त्या स्कार्फवालीचा प्रश्न तिला आठवला.

“पोरी, तुले काही इचारनं व्हई ते इचार,” ती म्हणाली.

दिपमालेनं मान वर केली.

“गुडघा कसा आहे, अक्का? नोकरी मी सोडणार नाही, आणि गोधडीखालची ती मोटार तेवढी काढून टाका, म्हणजे माझा होकार.”