पहिल्याचा आवाज

“चुकलं,” वडील म्हणाले.

तिने वाळूचे पोते खाली ठेवले. सकाळपासून तिने ते इतक्या वेळा आपटले होते की खांदे भरून आले होते. समोरच्या पडद्यावर खंदकाच्या काठाशी तेवीस गावकरी ओळीने उभे होते. बंदुकीच्या दस्त्याला गाल लावलेले सैनिक गोळ्या झाडत होते आणि माणसे खंदकात पडत होती. चित्र मुके होते. त्याला आवाज देणे हा तिचा पेशा होता. कोबीचा गड्डा पिळला की मान मोडते, ओले कातडे आपटले की थोबाडीत बसते, पोते पडले की माणूस पडतो. गेली अकरा वर्षे हे सारे ती निर्विकारपणे करत आली होती.

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. या चित्रपटमालेचे ते जुने भक्त. आधीचे चारही भाग बापलेकींनी एकत्र पाहिले होते. पहिला पाहिला तेव्हा ती आठ वर्षांची होती. पाचव्याचे काम मुलीला मिळाले हे कळताच त्यांनी लहान मुलालाही लाजवील असा हट्ट धरला. जगाच्या आधी मला दाखव.

त्या चार भागांत मिळून तीनशे चौदा माणसे मेली होती. तिने ती शाळेच्या वहीत मोजली होती. त्यांतल्या एकालाही वजन नव्हते. नायक दर वेळी अगदी वेळेवर पोहोचे, मरणारे शिस्तीत मरत, मागे बँड वाजे आणि सुसंस्कृत प्रेक्षक घरी जाऊन पोटभर जेवत. समीक्षकांनी याला ‘निखळ करमणूक’ म्हटले होते. पाचव्या भागाच्या दिग्दर्शकाने मात्र संगीत काढून टाकले. नायक म्हातारा झाला आहे आणि खंदकापाशी तो उशिरा पोहोचतो. एवढ्यानेच निर्मात्यांचे धाबे दणाणले. ज्या नामवंत समीक्षकाला त्यांनी कच्ची प्रत खासगीत दाखवली, त्याने ‘विकृत’ हा शब्द वापरला. तीनशे चौदा त्याला पचले होते. हे तेवीस पचले नाहीत.

आधीच्या भागांत माणूस पडला की वडील हसत. तिच्या कानाशी येऊन म्हणत, “पोती पडतायत, ठमे, पोती!” घरात ती म्हणच पडून गेली होती. कोणी धपकन सोफ्यावर बसले तरी “पोतं पडलं” व्हायचे. आपल्या सैन्यातल्या नोकरीबद्दलही त्यांचे एकच ठरलेले वाक्य होते, “मी भटारखान्यात होतो. सबंध युद्धात फक्त बटाटे सोलले.” पाहुण्यांना ते फार आवडे. आई होती तोवर त्या वाक्याला ती उठून आत जात असे.

आज ते हसले नव्हते.

“काय चुकलं, बाबा? नीट सांगा. नुसती मुकादमी नको.”

“सगळे सारखेच पडतायत.”

“मग? तेवीस माणसं, तेवीस धप्प.”

“आवाज पहिल्याचाच होतो,” ते म्हणाले. “तो जमिनीवर पडतो. बाकीचे जमिनीवर नाही पडत.”

ती हसायला गेली आणि तशीच राहिली. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मान वर केली.

वडील उठले. कोपऱ्यातली जुनी गादी त्यांनी जमिनीवर ओढली, पोते उचलले आणि वरून सोडून दिले. जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. एक दबका उसासा, इतकेच.

“असा. आणि मध्येच खालून कोणीतरी श्वास घेतं. ते विसरू नकोस.” पडद्याकडे पाहत ते पुढे म्हणाले, “चांगला सिनेमा आहे हा. पहिल्यांदाच चांगला काढलाय. तो उशिरा येतो, हे फार बरं केलं. आमच्याकडे तर कोणी आलंच नाही.”

भटारखाना, बटाटे, पाहुणे, सगळे तिच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात गळून पडले. कडाक्याच्या थंडीतही अंगावर पांघरूण न घेणारे वडील तिला आठवले. झोपताना खोलीचे दार नेहमी किलकिले ठेवणारे वडील आठवले. प्रेमाने पुरावा शोधणाऱ्याला तो कधीच कमी पडत नाही.

“तुम्ही तिथे होतात,” ती म्हणाली.

“होतो.”

“आणि वाचलात.”

वडिलांनी गादीवरचे पोते सरळ केले. “हो. मी वाचलो.”

बावीस जणांच्या ओझ्याखाली श्वास धरून पडलेला एक कोवळा पोरगा तिला दिसला. विशीतला, तिचा बाप. जे हातांना येत होते तेच तिने केले. माइकचा स्टँड अगदी खाली उतरवला, आडवा केला आणि माइकचे तोंड गादीला भिडवले. सगळ्यांत तळाशी पडलेल्याला ऐकू येईल, तसे. मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून तिने हलकेच विचारले, “इथून ना, बाबा?”

वडिलांनी त्या माइककडे पाहिले. मग त्यांनी खांद्यावरचा तिचा हात काढून बाजूला ठेवला. वाकून स्टँड उभा केला. गादीपासून सहा पावले मागे नेला. चावी सैल करून माइकचा आडवा दांडा वर सरकवला, आपल्या उजव्या खांद्याच्या उंचीवर आणून घट्ट आवळला, आणि डावा डोळा मिटून त्याला गाल लावला.

“नाही,” ते म्हणाले. “इथून.”