कासवाच्या हाती लागलेलं अंगुस्तान

‘आज वाचनालयामागच्या डब्यात ठेवलं.’

‘कासव’ असं नाव घेतलेल्या कुणा अनोळखी माणसाचा हा निरोप वाचून थोरलीने कात्री टेबलावर आपटली. पुन्हा तेच गाव! सात महिने तिचं अंगुस्तान त्या एकाच गावात गरागरा फिरत होतं. पाण्याच्या टाकीपासून पुलाखाली, पुलाखालून वाचनालयामागे. उद्यानाच्या भिंतीतला डबा तेवढा सोडून सगळीकडे.

खेळ तसा साधा. लोक जगभर छोटे छोटे डबे लपवतात, जागेचा पत्ता संकेतस्थळावर टाकतात आणि बाकीचे मोबाइल हातात धरून ते शोधत हिंडतात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. थोरली आणि तिचा नवरा रविवारी शिवणाचं दुकान बंद ठेवून हाच उद्योग करायचे. डब्यात कधी क्रमांकाचा बिल्ला लावलेली वस्तू सापडते. ती उचलायची, पुढच्या डब्यात ठेवायची आणि संकेतस्थळावर तिच्या पानावर तसं लिहायचं. थोरलीने असा बिल्ला आईच्या पितळी अंगुस्तानाला लावला होता. शिवताना सुई टोचू नये म्हणून आई ते बोटात घालायची. पानावर लिहिलं होतं, ‘मला उद्यानाच्या भिंतीतल्या डब्यात जायचंय.’ खाली डब्याचा पत्ता.

त्या उद्यानासमोर धाकटी बहीण राहत होती.

आई गेल्यावर याच अंगुस्तानावरून दोघींचं वाजलं. “आईने ते मला दिलंय,” धाकटी म्हणाली. “आई असं काही बोललीच नाही. माझ्या हातून तर तुला ते मिळणार नाही,” थोरली म्हणाली. मग चार वर्षं अबोला. पुढे राग निवळला, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माझ्या हातून नाही म्हटलं ना, मग परक्यांच्या हातून जाऊ दे! ते पोचलं की नवऱ्याने धाकटीला फोन करायचा, तोवर तोंड मिटून बसायचं, असं ठरलं. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही धास्ती होतीच.

पाच अनोळखी माणसांनी ते भराभर आठशे किलोमीटर नेलं. आणि धाकटीचं घर हाकेच्या अंतरावर राहिलं असताना, बसथांब्याजवळच्या डब्यातून ते या कासवाच्या हाती लागलं.

थोरलीने आधी नम्रपणे लिहिलं, मग चिडून. कासवाचं उत्तर एका ओळीचं. ‘पुढच्या वेळी नक्की. पण एवढं काय आहे त्यात?’ काय आहे ते पटवून देता देता तिची पत्रं लांबत गेली. आई कशी शिवायची, दोघी बहिणी उरलेल्या चिंध्यांवरून कशा भांडायच्या, सगळं लिहून झालं. शेवटी वैतागून तिने लिहून टाकलं, ‘आईने ते धाकटीलाच द्यायला सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आता तरी पोचवा हो!’ हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. कासव ढिम्म. दोन दिवसांनी अंगुस्तान पुन्हा पुलाखाली.

आणि आज वाचनालय.

“अगं, दगडावर डोकं कशाला आपटतेस?” नवरा शर्टाला इस्त्री करता करता म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.”

वाचनालयामागचा डबा ज्याने लपवला होता त्यालाच तिने विचारलं. तो ताबडतोब उत्तरला, ‘वाचनालयामागची भिंत पाडली. डबा मी तीन महिन्यांपूर्वीच काढून आणलाय.’

म्हणजे अंगुस्तान कुठे फिरतच नव्हतं! बिल्ल्यावरचा क्रमांक माहीत असला की घरबसल्या काहीही लिहिता येतं. कुणीतरी आपल्याला सात महिने खेळवलं आणि आपण त्या चोरापुढे मन मोकळं करत बसलो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘तुम्ही चोर आहात,’ तिने लिहिलं. ‘माझ्या आईची वस्तू आहे ती. कुठे आहे, खरं सांगा!’

उत्तर यायला पाच मिनिटं लागली.

‘ताई, माझ्या बोटात आहे. भावोजींनी फोन केला त्याच दिवशी मी बसथांब्याजवळच्या डब्यातून घेऊन आले.’

थोरलीने मान वर केली. नवरा एकच कॉलर चौथ्यांदा दाबत होता.

आपण काय काय लिहून बसलो ते आठवून तिचे कान तापले. ‘मग पोचलं म्हणून कळवायला काय झालं होतं तुला?’ तिने कसंबसं लिहिलं.

‘कळवलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस.’