घडीवरची पिन

मुस्तकीमभाईंनी स्टेपलरचा दांडा दाबला. खट्‌ असा आवाज झाला आणि पिन कागदांच्या बरोबर घडीवर बसली. सुवर्णाने ती छोटी वही उघडून पाहिली, मिटून पाहिली. इतके दिवस ती अशा वह्या घरी दाभणाने शिवत होती, कारण साध्या स्टेपलरचं तोंड मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही. हा स्टेपलर मात्र जवळजवळ हातभर लांब होता. नाशिकच्या मेन रोडवर असली वस्तू ठेवणारं मुस्तकीमभाईंचं हे एकच दुकान तिला सापडलं होतं.

"दहा वर्षं आरामात जाईल, ताई," मुस्तकीमभाई म्हणाले. "एका लेकराच्या वह्यांनी काय होतंय याला."

हाच तर वांधा होता. स्टेपलर दहा वर्षं चालणार, म्हणजे तिची लेक शलाका दहा वर्षं घरीच शिकणार. सकाळी सातपूरला कामावर निघताना सुवर्णाच्या नवऱ्याने, किशोरने, सरळ सांगून टाकलं होतं. घ्यायचा तर घे, मग मी शाळेचं नाव काढणार नाही. नाही घेतलास, तर जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं. आणि काय ते तिच्यासमोर ठरव, तिला सोबत घेऊन जा. रोज वाद घालून तोही बिचारा दमला होता.

शलाका आठ वर्षांची. आधीची दोन बाळं हातची गेल्यावर झालेली. तीन वर्षांची झाल्यावर तिला हौसेने बालवाडीत घातली, तर दुसऱ्याच दिवशी एक पोरगा तिच्या दंडाला चावला. दंडावरचे व्रण आठवड्यात गेले. सुवर्णाच्या मनावरचे काही गेले नाहीत. तेव्हापासून शलाका पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्येच, अकराव्या मजल्यावर. घरातला टीव्ही काढून टाकला. भाचरांना कायम सर्दी असते म्हणून नातलगांचं येणं बंद केलं. दवाखान्यात न्यायचं तर रिक्षाचे पडदे सोडून. जगात जे जे म्हणून होतं ते सुवर्णाने वह्यांमध्ये लिहिलं, चित्रं काढली, रंगवली आणि पोरीला घरपोच दिलं. वेडच म्हणायचं हे. पण त्या वेडात माया होती, हेही खरं.

शलाका दुकानाच्या पायरीवर उभी होती. ताठ, हात मागे बांधून. मुस्तकीमभाईंनी कौतुकाने तिला नाव विचारलं. तिने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आपण दुकानदार आहात," ती म्हणाली. "दुकानदार वस्तू विकतो. दुकानदाराशी नम्रपणे बोलावे."

मुस्तकीमभाई हसले, आणि अर्ध्यातच थांबले. आवाज पोरीचा नव्हताच. तो सुवर्णाचा होता. तीच पट्टी, दर वाक्यानंतर घेतलेला तोच श्वास. रस्त्यावरून एक कुत्रं गेलं. कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असं ती त्याच आवाजात बोलली. टेम्पो गेला, तिने वहीतली टेम्पोची ओळ म्हटली. मान न वळवता, पापणी न हलवता ती एकेका गोष्टीची ओळ म्हणत राहिली. खरं तर सुवर्णाला अभिमान वाटायला हवा होता. लेकीने सगळं पाठ केलं होतं. पण आपलाच आवाज भर दुपारी आपल्या कमरेच्या उंचीवरून येतोय, हे तिला ऐकवेना. घरात तिला हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण घरात दुसरा आवाजच नव्हता.

तेवढ्यात जवळची शाळा सुटली. बघता बघता रस्ता मुलांनी भरून गेला. ढकलाढकली, आरडाओरडा, भेळेच्या गाडीभोवती गर्दी. शलाकाची वाक्यं बंद झाली.

एक मुलगी दप्तरासकट दुकानात घुसली आणि तिला खेटून उभी राहत खोडरबर मागू लागली. शलाकाने हळूच हात उचलला. तळवा सपाट करून त्या मुलीच्या डोक्यावर धरला, मग आपल्या डोक्यावर. परत तिच्या, परत आपल्या. मुलीने वळून पाहिलं आणि तू कोणत्या शाळेत आहेस, असं विचारलं. शलाका तिच्या हलणाऱ्या ओठांकडे नुसती बघत राहिली. या प्रश्नाचं उत्तर सुवर्णाने कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं. मुलगी एक पाऊल मागे सरली, आणि खोडरबर न घेताच बाहेर पळाली.

सुवर्णाचा धीर सुटला. घरी जाऊन दार लावलं की सगळं ठीक होईल, एवढंच तिच्या मनात आलं. तिने मुस्तकीमभाईंना स्टेपलर बांधून द्यायला सांगितलं. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा तिच्या आईकडे. खोका पिशवीत घातला आणि पिशवी पुढे केली. सुवर्णाने हात लांब केला.

शलाकाने मागून तिची ओढणी धरली. आता तिचा आवाज वेगळा होता. बारीक, घोगरा, सुवर्णाने आजवर कधीच न ऐकलेला.

"आई, ही मुलं खरंच एवढी मोठी असतात? गॅलरीतून तर बोटाएवढी दिसतात. मला वाटायचं, माझ्याएवढी मी एकटीच आहे."