दुपारी बाराची सावली

जिन्यातच थांबून तिने टॅबवरचे जुने फोटो पुन्हा एकदा चाळले. आजचा म्हणून खपेल असा एक तरी हवा होता. कुंपणाचा काल दाखवून झाला होता, एकट्या झाडाचा परवा. शेवटी कालव्याकाठच्या खांबाचा तिला बरा वाटला: मोकळं माळरान, विजेचा एक खांब, वाळलेलं गवत. गवत काय, हिवाळ्यातही वाळलेलंच असतं. नुसता दाखवायला खांद्याला कॅमेरा अडकवून ती वर गेली. गेले तीन आठवडे ती रोज चारच्या सुमाराला असाच एखादा जुना फोटो घेऊन जायची.

वडील उशीला टेकून बसले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते या खाटेवर होते, आणि खाटेसमोरच्या खिडकीतून दिसायची ती फक्त शेजारच्या इमारतीची भिंत. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजत उन्हातान्हात हिंडलेला माणूस, आणि त्याच्या नशिबी भिंत! म्हणून लेकीने रोज बाहेर जाऊन एक फोटो काढायचा आणि आणून दाखवायचा, असं ठरलं होतं. डोंगर, पाणी, मोकळं रान, हेच तर फोटो ती काढायची. पुस्तकांत छापून यायचे तिचे. तिला यात काय जड होतं?

जड झालं होतं. दोन महिने उजाडायचं तेच राखेच्या रंगाचं. सकाळी बॅटरी चार्ज करायची, बूट घालायचे, दारापर्यंत जायचं, आणि बूट काढून पुन्हा पांघरुणात. आधी तिने हवेला शिव्या घातल्या. मग एक दिवस तळ्याकाठी तासभर उभी राहिली आणि एकदाही बटण दाबावंसं वाटलं नाही, तेव्हा ती घाबरली. हवेचं काही नाही, आपणच आटलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. बोललं की खरं होईल, असं तिला वाटायचं.

"आजचा?" वडिलांनी टॅब हातात घेत विचारलं.

"आजचाच. दुपारी बाराला काढला."

बारा कोणी विचारले नव्हते. खोटं बोलणाऱ्याला तपशील फार सुचतात.

वडिलांनी चष्मा लावला. मग उशीखाली हात घालून आपली जुनी पारदर्शक पट्टी काढली आणि फोटोवर ठेवली. बोट लागून फोटो सरकला, तो त्यांनी पुन्हा जागेवर आणला.

"खांब सहा सेंटीमीटर. सावली चार."

"बाबा, हे काय नवीन?"

"या दिवसांत भर दुपारीही सावली जवळजवळ खांबाएवढी पडते, ठमे. ही आखूड आहे. हा फोटो उन्हाळ्याच्या तोंडावरचा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कालचं कुंपणही तसंच. परवाचं झाडही."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. शाळेत चोरी पकडली गेली तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"तीन आठवडे."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटत होती." वडिलांनी पट्टी चादरीवर ठेवली. "म्हटलं, तुलाच काहीतरी झालंय. मोठं दुखणं. तू आणि आत्या मिळून माझ्यापासून लपवताय. पडल्या पडल्या काय काय येतं डोक्यात! फोटो आला की आधी सावली मोजायचो. बरोबर भरली, तर पोरगी आज उठली, बाहेर पडली, धडधाकट आहे. एकदाही भरली नाही गं."

ती उठून त्यांच्याजवळ आली.

"मी ठणठणीत आहे, बाबा. फक्त फोटो दिसत नाही मला. जिथे बघावं तिथे सगळं मेलेलं. मला वाटतं, मी संपले."

ते तिची समजूत घालतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी उलट खाटेवर ठेवलेला तिचा कॅमेरा तिच्याकडे सरकवला.

"मोजायला जायचो तेव्हा जमीन आवडली पाहिजे अशी अट नसायची. खाली जा आणि जे समोर असेल ते घेऊन ये. चांगला नकोय मला."

ती खाली उतरली. इमारतीमागे मोकळी जागा, ओल्या खडीचा ढीग, पलीकडे टेकडीची पुसट रेघ. ऊन नाही, रंग नाही. बोटं गारठलेली. कुठे उभं राहावं तेही सुचेना. तरी तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकदा बटण दाबलं. नेमकं तेव्हाच एक कुत्रं आडवं गेलं.

पाच मिनिटांत ती वर आली आणि कॅमेरा वडिलांपुढे धरला. टेकडी एका बाजूला कललेली, खडी अर्धी, कुत्र्याचं मागचं धड तेवढं आलेलं. बघताना तिलाच कानकोंडं झालं.

"यात सावलीच नाही," ती म्हणाली. "आजचा कशावरून म्हणाल?"

वडिलांनी तो बराच वेळ पाहिला. कोपऱ्यांपर्यंत पाहिला. मग चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले.

"आजचाच आहे. इतका भिकार फोटो तू जपून ठेवला नसतास."