एकाला पुरेल एवढं औषध

तिने काडेपेटीतली काडी मेणाने बंद झालेल्या पोळ्याच्या घरात खुपसली आणि हळूच ओढली. काडीबरोबर तपकिरी, चिकट तार लांबत आली. काही दिवसांपूर्वी तिथे पांढरीशुभ्र अळी होती.

धाकटा भाऊ पोळ्याकडे बघतच नव्हता. तो ताईचा चेहरा वाचत होता.

"तोच?" त्याने विचारलं.

"तोच."

अळ्या कुजवणारा हा जिवाणू एकदा शिरला की पेटी माश्यांसकट जाळून पुरायची, एवढाच इलाज आजवर माहीत होता. भावाने बरी चाललेली नोकरी सोडून या पेट्या उभ्या केल्या होत्या. ताईच्या जिवावर, असं तो हसत सांगायचा. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, मधमाश्यांचं वेडही तिनेच लावलं होतं, त्यामुळे त्या हसण्याचं तिला ओझं वाटे.

ती काम करायची त्या प्रयोगशाळेत औषध तयार झालं होतं, पण एकाच्याच पेट्यांना पुरेल एवढं. रोग मात्र दोघांकडे होता: भावाकडे आणि नदीपलीकडच्या मधाच्या व्यापाऱ्याकडे. प्रमुखांनी ठरवलं, एकाला औषध घातलेला पाक द्यायचा आणि दुसऱ्याला नुसता साखरेचा. म्हणजे गुण खरा की खोटा ते कळेल. प्रमुखांना सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणत. माणूस वाकेल तर शपथ. त्यांनी तिच्यादेखत नाणं उडवलं. औषध व्यापाऱ्याच्या वाट्याला गेलं.

फूटपट्टींपुढे बोलून उपयोग नसतो, हे साऱ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. तिने आणि त्यांनी मिळून बाटल्या भरल्या, दोन खोक्यांत लावल्या, खोक्यांवर नावांची लेबलं चिकटवली. बाटल्या दिसायला अगदी सारख्या. मग त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. उरलेलं मी आवरतो म्हणाले. आपण फारच दमलेल्या दिसत असू, असं तिला वाटलं.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी खोकी न्यायला गाडी यायच्या आत ती प्रयोगशाळेतल्या फ्रिजपाशी गेली आणि खोक्यांवरची लेबलं सोलून त्यांची अदलाबदल केली. लेबलं अलगद सुटली. डिंक अजून ओलसरच होता. मनाला काही टोचलं नाही. व्यापाऱ्याकडे पेट्या रग्गड होत्या. भावाला ती एवढंच म्हणाली, "आता काळजी करू नकोस."

पुढच्या तपासणीला काडीला पुन्हा तार आली. त्याच्या पुढच्याही. मग तर पेटी उघडण्याआधीच कुजका वास यायला लागला. भावाने विचारायचंच सोडून दिलं, ते तिला जास्त लागलं. नदीपलीकडे मात्र राणी नव्याने अंडी घालत होती, अळ्या टवटवीत दिसत होत्या. जोमदार माश्या कधीकधी रोगट अळ्या स्वतःच बाहेर फेकून सावरतात, अशी तिने मनाची समजूत घातली. पण जी वाटणी तिने स्वतःच्या हाताने केली, तिच्यात व्यापारी तरला आणि भाऊ बुडाला. रोगापेक्षा इलाज जालीम म्हणतात तो असा. ते औषध बनवण्यात तिचीही वर्षं गेली होती.

शेवटी खड्डा खणला. माश्या घरी परतल्यावर भावाने एकेक पेटी स्वतः आत उतरवली आणि पेटवलंही त्यानेच. मेण धडधडून जळू लागलं. तो आवाज न करता रडत होता. त्याच्याजवळ जायची तिला हिंमत होईना.

फूटपट्टी न सांगता आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. इतक्या लांब ते कधी कुणाच्या दारी गेले नव्हते. तिलाच राहवेना.

"आपलं औषध फुकट गेलं, सर," ती म्हणाली. "याच्या एका पेटीलाही गुण आला नाही."

ते चमकून तिच्याकडे वळले. भावाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही गेल्यावर मी लेबलं बदलली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"