लाल पानं

"ही काय थट्टा आहे?" तिने टेबलक्लॉथ नवऱ्यासमोर आपटला.

पांढऱ्याशुभ्र कापडावर बारा गुलाब होते. हिरवेगार. त्यांची पानं लालभडक. कापडावर रंगवायच्या पेनांपैकी काळ्या पेनाने तिने ते गुलाब काढले होते, तीन दिवस मान मोडून. आत रंग भरायचं काम तेवढं नवऱ्याचं. निवृत्तीनंतर त्याला घर खायला उठायचं, म्हणून तिनेच त्याला हाताशी घेतलं होतं. आणि गडी असा आज्ञाधारक, की रंग भरून वर उलट्या बाजूने इस्त्रीही फिरवून ठेवली होती. म्हणजे रंग पक्का. आता जन्मात निघणार नाही. गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. त्याच्या हातापाया पडून आठवडा मागून घ्यायचा, तो कुणी? तिनेच.

"तू सांगितलंस तसंच भरलंय," तो पुटपुटला. "पानांना हिरवा, फुलांना लाल."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस पहिल्यापासून असाच. टोमॅटो आणायला सांगावेत, तर निम्मे कच्चे. नवा ड्रेस घालून पुढ्यात उभं राहावं, तर "छान" म्हणून मोकळा. रंगाबद्दल चकार शब्द नाही. लक्षच नसतं! तीस वर्षं तिने चालवून घेतलं. पण हे तिचं काम होतं.

"आजपासून माझ्या पेनांना हात लावायचा नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "टोपणं तरी बघ," तो म्हणाला.

तिने 'हिरवा' लिहिलेलं पेन हिसकावलं आणि चिंधीवर ओढलं. लाल उमटला. 'लाल' ओढलं, हिरवा. पेनं सगळी पांढरी, रंगाचं नाव फक्त टोपणावर. परवा पेनांची टोकं पुसताना ती बहिणीशी फोनवर भांडत होती. टोपणं तिनेच उलटीपालटी बसवली होती.

चूक आपलीच निघाली की राग दुप्पट होतो. तिचाही झाला.

"टोपणं चुकली, मान्य! पण तुमचे डोळे कुठे होते? बाराच्या बारा गुलाब हिरवे होईपर्यंत दिसलं नाही?"

"नाही."

मग खाली बघत तो म्हणाला, "लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात. लहानपणापासून."

ते टोमॅटो, ते "छान", सगळं तिच्या ध्यानात आलं. पण राग कुठला जातोय!

"आणि हे मला आज कळतंय? तीस वर्षांनी? मी काय परकी होते?"

"पहिल्या भेटीतच सांगणार होतो. घरून ठरवून निघालो होतो. पण तू त्या लाल स्वेटरमध्ये अशी काही दिसत होतीस, की म्हटलं, हे ऐकून ही नाही म्हणाली तर? तोंडच उघडेना. तो लाल स्वेटर अजून डोळ्यांपुढे आहे बघ."

तिला तो स्वेटर चांगला आठवत होता. तिने स्वतःच विणलेला, हिरवा. कुणी काही चुकीचं बोललं की तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय ती कधी राहिली नव्हती.

तिने पेनांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"हो," ती म्हणाली. "लालच होता."